छप्पनचा दुष्काळ आणि पंडिता रमाबाईंचा विश्वास

धर्मसेवेत येऊन मला बरीच वर्षे झाली. तरी ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घराची पायरी चढताना पाय अजून जड होतात. काही वर्षांपूर्वी आमच्या बडोद्यातील एका मराठी कुटुंबातला तरुण मुलगा अकस्मात गेला. प्रार्थना आटोपून मी निघालो, तेव्हा त्याची आई शांतपणे म्हणाली, "फादर, माझा विश्वास उरला नाही. आता माझ्या वतीने तुम्हीच प्रार्थना करा." मी घाईघाईने म्हणालो, "असं बोलू नये, बाई. दुःखानंच विश्वास वाढतो." ती काही बोलली नाही.

माझे उत्तर चुकले होते. ते का चुकले, हे मला ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा आपल्याच प्रदेशाच्या इतिहासातील एका प्रकरणाने अधिक स्पष्ट केले. ते प्रकरण म्हणजे १८९९-१९०० चा गुजरातचा दुष्काळ आणि त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केलेले कार्य. रमाबाईंचे चरित्र आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु दुःख आणि विश्वास यांच्या परस्परसंबंधाविषयी ते चरित्र काय सांगते, याचा विचार आपण धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी पुरेसा केलेला नाही, असे मला वाटते. तो करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

छप्पनचे साल

विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला म्हणून हा दुष्काळ गुजरातीत 'छप्पनियो' या नावाने ओळखला जातो. गुजरात हा सुपीक मुलूख. दख्खनच्या शेतकऱ्याला अवर्षणाची जी सवय असते, ती येथील शेतकऱ्याला नव्हती. १८९९ च्या पावसाळ्यात पावसाने पाठ फिरवली आणि पिकांबरोबर चाराही गेला. धान्य आगगाडीने बाहेरून आणता येत होते, पण ते विकत घेण्याचे बळ लोकांपाशी नव्हते. आणि एवढ्या गुरांना पुरेल इतकी वैरण कोठूनच आणता येत नव्हती. ज्या गुरांवर शेती उभी होती ती डोळ्यांदेखत मेली. दुष्काळी कामांवर माणसांची गर्दी उसळली. १९०० च्या उन्हाळ्यात तेथे पटकीची साथ शिरली आणि पाऊस आल्यानंतर तापाने उरलेल्यांना गाठले. भुकेने खंगलेल्या शरीरांत तो ताप सोसण्याची शक्ती राहिली नव्हती.

बडोदे संस्थानात त्या वेळी महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) राज्य करीत होते. शासनात कुशल आणि प्रजेविषयी कळकळ असलेला असा राजा त्या काळात विरळा. महाराजांनी दुष्काळी भागाचा स्वतः दौरा केला आणि त्या दौऱ्याची टिपणे पुढे प्रसिद्धही झाली. तरीही १८९१ च्या खानेसुमारीत २४,१५,३९६ असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ मध्ये १९,५२,६९२ वर आली. दहा वर्षांत सुमारे ४ लाख ६३ हजारांची घट, म्हणजे पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस नाहीसा झाला. त्यात प्लेगचा आणि स्थलांतराचाही वाटा आहे. परंतु मोठा घाला दुष्काळाचा आणि त्यामागोमाग आलेल्या रोगराईचा होता.

या संकटात निरनिराळ्या मिशनांनी अनाथ मुलांसाठी आश्रम उघडले. बडोद्यात मेथडिस्ट मिशनने मुलामुलींना आसरा दिला. उत्तरेकडे भिल्लांच्या मुलखात दुष्काळग्रस्तांची सेवा करीत असताना चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. थॉम्पसन हे मे १९०० मध्ये पटकीने मरण पावले. आणि पुण्याजवळच्या केडगावहून रमाबाईंनी आपल्या कार्यकर्त्या गुजरातेत पाठवून शेकडो निराधार मुली व स्त्रिया मुक्ती सदनात आणविल्या. त्या वर्षी मुक्ती सदनातील माणसांची संख्या एकोणीसशेच्या घरात गेली.

एवढ्यांचे पोट भरण्याचे काम अंगावर घेणारी ही बाई कोण होती? तिला हा विश्वास कोठून आला? या प्रश्नाच्या उत्तरासाठी सुमारे पंचवीस वर्षे मागे, दुसऱ्या एका दुष्काळाकडे गेले पाहिजे.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच निष्ठावंत. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ संकेत बाजूस सारून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून हिंडू लागले. मिळेल ते धन दानधर्मात जाई. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी साठविलेले काही उरले नव्हते.

त्या दिवसांचे वर्णन रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत केले आहे. देवता रुष्ट झाल्या आहेत अशा समजुतीने उपासतापास, जपजाप्य, दानदक्षिणा यांत उरलेसुरले द्रव्य खर्च झाले. दागिने गेले, मग भांडी गेली. शेवटी ते कुटुंब मरणाच्या तयारीने रानात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. तो त्यांना अमलात आणावा लागला नाही. मोठ्या मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखविली आणि सर्व जण रानाबाहेर पडले. पण वडिलांचे शरीर संपले होते. त्यांच्या पाठोपाठ आई गेली आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या सुमाराच्या होत्या.

मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, तू त्याचीच राहा आणि त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा उपदेश केला. रमाबाई हे शब्द कधी विसरल्या नाहीत. ख्रिस्ती झाल्यानंतरही, त्याच शब्दांनी आपल्याला वाट दाखविली, असे त्या मानीत. हिंदू पित्याच्या भक्तीविषयी या ख्रिस्ती कन्येच्या मनात अखेरपर्यंत आदर होता, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या प्रवचनांतून हा आदर नेहमीच व्यक्त होतो असे नाही.

विश्वास तुटला तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या पहिल्या दुष्काळाने रमाबाईंचा विश्वास वाढविला नाही, तो मोडला. भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह त्या पायी भारतभर हिंडल्या. शास्त्रात सांगितलेले सर्व आचरूनही फळ मिळाले नाही, हा अनुभव दोघांच्याही मनात रुतून बसला. व्रते सुटली आणि मूर्तींवरील श्रद्धा सरली. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बाहेर गौरव होत होता आणि आत पोकळी होती.

१८८० च्या मे महिन्यात श्रीनिवासशास्त्रीही गेले. बहीण मागे एकटी राहणार या चिंतेने ते व्याकुळ होते. आपल्या दोघांची काळजी वाहायला देवावाचून कोणी नाही, असे रमाबाई त्यांना म्हणाल्या; तेव्हा, देव काळजी वाहणार असेल तर मला कशाचेच भय नाही, असे भावाने उत्तर दिले. हा प्रसंग त्यांनी साक्षीत नोंदविला आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जिचा स्वतःचा विश्वास डळमळला होता तिनेच मरणाऱ्या भावाला देवाचे नाव दिले, आणि भावाने ते घट्ट धरून तिच्याच हाती परत केले. त्या घटकेला दोघांपैकी कोणाचा विश्वास कोणाला सावरीत होता, हे सांगणे कठीण आहे.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. पतीच्याच ग्रंथसंग्रहात रमाबाईंना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. इतक्यावरही सर्व उलगडले नाही. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला नंतर भेटला, अशा अर्थाचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आणि बाप्तिस्म्यानंतर तो दिवस उजाडायला सुमारे आठ वर्षे जावी लागली.

रानातील उपासमारीपासून मोजले तर हा अवधी सतरा वर्षांच्या आसपास होतो. 'दुःखाने विश्वास वाढतो' असे एका वाक्यात सांगणाऱ्याने ही सतरा वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत.

आठवणीतून निघालेली वाट

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. १८९३ च्या वादात सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुली परत नेल्या. हा आघात ताजा असतानाच १८९६ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता आली. रमाबाईंना आपले रानातले दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांतून निराधार तरुण मुलींची कशी दशा होते, कोणाच्या हाती त्या सापडतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आपल्या आश्रयास ठेविले. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाल्याने या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ तो असा.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे निमूटपणे सोसणे, असा अर्थ रमाबाईंनी कधी केला नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड मांडले. त्या पत्राचा विषय इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत गेला आणि सरकारचा रोष ओढवला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. रात्री गुडघे टेकून प्रार्थना करणारी बाई सकाळी अधिकाऱ्यांना जाब विचारीत होती, आणि या दोहोंत तिला विसंगती दिसत नव्हती.

मग छप्पनचे साल आले. केडगावच्या परिसरातही पाऊस नव्हता. एवढी माणसे, त्यांत गुरे आणि भाजीचे मळे. विहिरींचे पाणी संध्याकाळपर्यंत उपसून संपे आणि सकाळी पुन्हा पाझरलेले असे, असे रमाबाईंनी लिहिले आहे. त्यांनी याला देवाची कृपा म्हटले. कोणी त्याला झऱ्याचा गुण म्हणेल. मला या दोन उत्तरांत भांडण दिसत नाही. पण विहिरीला पाणी आले म्हणून मुक्तीत मरण आले नाही, असे नव्हे. उपासमारीने पोखरलेल्या कित्येक मुली तेथे पोहोचूनही वाचल्या नाहीत. आपल्या हातून जेवलेली मुले डोळ्यांसमोर दगावत असता रमाबाईंनी दुसऱ्या दिवशीचे धान्य मोजले आणि चुली पेटविल्या. आईवडिलांच्या वेळी जो 'का?' उठला होता, त्याचे उत्तर त्यांना तेव्हाही मिळालेले दिसत नाही. उत्तराची वाट पाहत त्या थांबल्या मात्र नाहीत.

'पोटासाठी ख्रिस्ती'

या इतिहासाला एक अडचणीची बाजू आहे आणि ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बडोदे संस्थानातील ख्रिस्ती लोकांची संख्या १८९१ मध्ये साडेसहाशेच्या आसपास होती. १९०१ मध्ये ती साडेसात हजारांच्या वर गेली. त्यानंतरच्या दशकात ती वाढण्याऐवजी थोडी घटली. 'हे दुष्काळी ख्रिस्ती, भाकरीसाठी आले' हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. अनाथ, अल्पवयीन मुलांच्या धर्मांतराविषयी रमाबाईंवरही कडक टीका झाली. त्या टीकेत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. भुकेल्याच्या भुकेचा उपयोग करून घेणे हे पाप आहे आणि ते ख्रिस्ताच्या नावाने केल्यास अधिक मोठे पाप आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. भाकरीच्या निमित्ताने आलेल्यांचा विश्वास खोटाच असला पाहिजे, हे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रभूच्या मागे आलेल्या समुदायातील पुष्कळ जण भाकरी खाऊन तृप्त झाले म्हणूनच त्याला शोधीत होते. ते त्याने त्यांना स्पष्ट सांगितले (योहान ६:२६). परंतु आधी त्यांना जेवू घातले होते. जे पुढे निघून गेले त्यांच्याकडून त्याने भाकरीची किंमत वसूल केली नाही. गुजरातेतून केडगावला गेलेल्या त्या मुली मराठी वातावरणात वाढल्या, लिहावाचायला शिकल्या, हातांनी कामे करू लागल्या. त्यांपैकी कोणाच्या अंतःकरणात काय होते, याचा निवाडा खानेसुमारीच्या तक्त्यावरून होत नाही.

विलाप करण्याची मुभा

या साऱ्यातून आपल्या सेवेसाठी मला तीन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात.

पहिली. दुःख हे पापाचेच फळ असते, ही समजूत केवळ अनंतशास्त्र्यांच्या काळची किंवा केवळ हिंदू समाजातली नव्हे. ईयोबाच्या तिघा मित्रांची तीच शिकवण होती आणि शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावर झाला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर झाला नाही (ईयोब ४२:७). आजारी माणसाच्या उशाशी बसून 'देव तुमची परीक्षा पाहतो आहे' असे आपण किती सहज बोलून जातो! ते आपल्याला कोणी सांगितले? बोलण्याआधी त्या मित्रांनी सात दिवस सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर मुकाट्याने काढल्या. त्यांच्या हातून घडलेली खरी सेवा तेवढीच.

दुसरी. पवित्र शास्त्राने विलापाला जागा दिली आहे. विलापगीताचे संपूर्ण पुस्तक आपल्या हाती आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्याला आशेचे शेवटचे कडवे जोडण्याची गरज संपादकांना वाटली नाही. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायात तर दुष्काळाचेच चित्र आहे: अंजिराला फुलोरा नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत. छप्पनच्या साली चरोतरातल्या किंवा कडी प्रांतातल्या शेतकऱ्याला हे वर्णन समजावून सांगावे लागले नसते. संदेष्टा पुढे परमेश्वराठायी उल्लास करण्याची भाषा करतो हे खरे. परंतु त्याच पुस्तकाचा आरंभ, किती काळ मी आरोळी मारू आणि तू ऐकणार नाहीस, अशा तक्रारीने होतो. पहिला अध्याय गाळून तिसरा वाचू नये.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात आणि छप्पर उघडून खाली सोडतात. येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला, असे तेथे म्हटले आहे. बाजेवर पडलेल्याच्या विश्वासाची निराळी चौकशी त्याने केली नाही. काही वेळा माणसाला आपला विश्वास स्वतः पेलवत नाही. तेव्हा इतरांनी तो वाहून न्यायचा असतो. मंडळी कशासाठी असते, या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे. भावाने बहिणीचा विश्वास वाहिला. पुढे त्याच बहिणीने शेकडो परक्या मुलींचा वाहिला. ज्या सांत्वनाने आपले सांत्वन झाले त्यानेच इतरांचे करावे, असे पौल करिंथकरांस लिहितो (२ करिंथ. १:४), त्याचा अर्थ मला या इतिहासात दिसतो.

अखेरची वर्षे

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवट सुखाचा झाला असे म्हणता येत नाही. कान जवळजवळ गेले होते. जिच्या हाती कार्य सोपवायचे ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीत, आईच्या आधी गेली. त्यानंतर वर्षही पुरते उलटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेविला.

अखेरची सुमारे पंधरा वर्षे त्या हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईलाही समजावे म्हणून त्यांनी जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही तेथील स्त्रिया करीत. ईयोबाचा आक्रोश आणि यिर्मयाचा विलाप हे याच लेखणीतून, याच हातांखालून गेले. भाषांतरकाराला कोणतेही वचन चुकविता येत नाही; सांत्वनाचे तेवढे घ्यावे आणि तक्रारीचे सोडावे, अशी सोय त्याला नसते. धर्मसेवकालाही ती नसावी.

त्या आईकडे मी पुन्हा गेलो. फार उशिरा गेलो, तरी गेलो. पूर्वीचे शब्द परत घेतो असे तिला सांगितले आणि तिने मागितले होते तेच केले: तिच्या घरी बसून, तिच्या वतीने प्रार्थना केली. तिने 'आमेन' म्हटले नाही. पण निघताना, पुढच्या आठवड्यात याल का, असे तिने विचारले. त्यानंतर अनेक महिने मी आणि आमच्या मंडळीतल्या दोन भगिनी आळीपाळीने जात राहिलो.

तिचा विश्वास परत आला का, असे वाचक विचारतील. ते तिचे आणि परमेश्वराचे आहे. आपल्याकडे काम बाजेच्या एका कोपऱ्याचे आहे. तो कोपरा हातातून सुटू नये, एवढे बळ प्रभूने आपणा सर्वांना द्यावे.